आईच्या मिसरीच्या डबीतली राखुंडी

ह्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते, पण ते चुका काढण्यासाठी. कुणी लिहितं, दार आपोआप उघडलं. मी म्हणते, बिजागरी बघितली का? कुणी लिहितं, पाठीमागून हाक आली. मी म्हणते, कान तपासून घ्या. लातूरच्या एका शाळेत मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. ‘उत्तर राहू दे, कसं आलं ते दाखव’ हे माझं वाक्य इतकं ठरलेलं आहे की घरी नवरा त्यावरून माझी नक्कल करतो. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही. लहानपणापासून ऐकल्या, एकीवरही विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण ह्या एका गणितात उत्तर बरोबर आलंय आणि मधल्या पायऱ्या मात्र काही केल्या सापडत नाहीत.

आणखी एक कारण आहे. घरात कुणाचं मोडलेलं हाड जुळत नसेल आणि डॉक्टरांनी ‘बोन ग्राफ्ट’ करायला सांगितलं असेल, तर त्या घरच्यांनी हे वाचावं. अमानवीय भाग हवा तर सोडून द्या. बाकीचं लक्षात ठेवा.

तर — माझी आई. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, सत्तरीच्या आसपासची. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते जाऊन काही वर्षं झाली. भाऊ पुण्याला, मी लातूरला. आईला आम्ही दोघांनी किती विनवलं, पण ती जागची हलायला तयार नाही. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं, दारात दोन शेळ्या, अंगणात शेवग्याचं झाड आणि सगळ्या गावाची खबर. “मी हाय तवर माझ्या घराला कुलूप लागणार न्हाई,” हे तिचं पालुपद. एकटं राहणं तिला कधी जड गेलंच नाही.

त्यातल्याच एका शेळीनं घात केला. दाव्यात पाय अडकून आई ओट्यावरून खाली आली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. नांदेडला नेलं, प्लेट बसवली, सगळं नीट झालं. टाके निघाले, जखम भरली. फक्त हाड जुळेना. दर वेळी एक्स-रे काढायचा, डॉक्टर तो प्रकाशासमोर धरायचे आणि त्यांचा चेहरा बघून आम्हाला कळायचं. दोन टोकांच्या मधली ती काळी फट तशीच. महिने गेले. आई शेजारणीच्या आधारानं गावातच होती, वॉकर धरून एका पायावर घरातल्या घरात फिरायची. पाय टेकवला की कळवळायची.

शेवटी डॉक्टर म्हणाले, ग्राफ्ट करावं लागेल. आई थेट विचारती झाली, “मेलेल्या माणसाचं हाड घालनार न्हाई ना, डाक्टर?”

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, “नाही मावशी. तसंही करतात कधी कधी, सगळ्या तपासण्या करून. पण तुम्हाला तुमचंच घालणार. कमरेच्या हाडाच्या कडेचा थोडा चुरा काढायचा आणि मोडलेल्या जागी भरायचा. दुधाला विरजण लावतो ना, तसं. दही विरजणाचं होत नाही, दुधाचंच होतं. तसं हाड तुमचं तुम्हीच करायचं, आम्ही फक्त विरजण लावणार.”

आईला हे एकदम पटलं. विरजणातलं तिला कोण शिकवणार!

मग त्यांनी विचारायचं ते सगळं विचारलं. साखर? नाही. बीपी? थोडं. दुखण्याच्या गोळ्या मनानं घेता का? कधीमधी. त्या बंद करा, हाडाला बऱ्या नाहीत. तंबाखू?

“या माय,” आई पदर सावरत म्हणाली, “म्या कशाला तंबाकू खाऊ? गड्यायची चीज हाय ती.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढं गेले. मीही शेजारीच बसले होते. आई खोटं बोलली नव्हती आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. का, ते पुढे येईलच.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ह्या वयात ह्या जागचं हाड एकदा रुसलं की समजूत काढणं अवघड असतं. ह्या खेपेला जुळायला हवं. नाही जुळलं तर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करत बसणं मी सुचवणार नाही, पायाला पट्टा आणि हातात वॉकर कायमचा. भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग गावचं घर बंद करू आणि आईला पुण्याला आणू, दुसरा मार्गच काय आहे? त्याचंही बरोबर होतं. वॉकर घेऊन बाई खेड्यात एकटी कशी राहणार? आईनं मात्र हे ऐकल्यावर एवढंच म्हटलं, “माझ्या पायानं माझ्या घरात जाईन. न्हाईतर गावचं नाव काढनार न्हाई.” आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिला तशी गप्प पडलेली मी दादा गेले तेव्हाच पाहिली होती, म्हणून मी घाबरले.

आता मिसरीबद्दल सांगते. बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडच्या बायका तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात, वस्त्रगाळ करतात आणि बोटानं दातांना लावतात. ती मिसरी. नावाला दात घासायला — पण सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा, डोकं दुखलं की एकदा, कुणी गप्पांना आलं की एकदा. पाहुणीला आधी मिसरीची डबी पुढं करतात, मग पाण्याचा तांब्या. कुणी तिला व्यसन म्हणत नाही. तंबाखू पुरुष मळतात, बायका मिसरी लावतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी, असंच आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्याही.

फक्त दादांना ते मान्य नव्हतं. ते स्वतः राखुंडीवाले. होळीच्या दुसऱ्या दिवशी गोवऱ्यांची राख घरी आणायची, तीत खडेमीठ, तुरटी, थोडा कापूर आणि जाळलेल्या बाभळीच्या शेंगा कुटून घालायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, की झाली वर्षाची बेगमी. प्रमाण त्यांचं त्यांनाच ठाऊक. मरेपर्यंत तोंडात सगळे दात होते आणि त्याचा त्यांना कोण गर्व! उसाचं कांडं सोलून दाखवायचे. आईच्या डबीकडे बघून रोज म्हणायचे, “ती तंबाकूच हाय गं, टाक ती. माझी राखुंडी लाव.” आई म्हणायची, “तुमची राख तुमालाच लखलाभ.” चाळीसेक वर्षं हा एकच संवाद. शेवटच्या आजारपणात त्यांनी तिचा हात धरून म्हटलं, सोड. तिनं मान डोलावली. पण सोडली काही नाही.

दादांनी केलेली शेवटची राखुंडी वनस्पती तुपाच्या एका जुन्या डब्यात होती. तोंडाला धोतराचं फडकं, वर सुतळी, आणि दादांची ती पोत्याची गाठ — दोनदा वेढा देऊन टोक आत खोचलेली, दुसऱ्या कुणाला न जमणारी. आईनं तो डबा आढ्याजवळच्या फळीवर ठेवून दिला होता. त्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा सुट्टीत मी सहज काढायला गेले, तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे तिथंच. ह्यायच्या हातचं तेवढंच उरलंय.”

तर शस्त्रक्रिया झाली. कमरेतून भूल दिली होती, आई आत डॉक्टरांशी गप्पा मारत होती म्हणे. दोन्ही जागा शिवून बाहेर आणलं. भूल उतरल्यावर जे कुणी आम्हाला नीट सांगितलं नव्हतं — किंवा सांगितलं असेल, आम्ही ऐकलं नसेल — ते कळलं. पायापेक्षा कंबर जास्त दुखते. जिथून हाड काढतात ती जागा पहिले काही दिवस जीव खाते. “पाय नीट करायला गेले न् कंबर मोडून बसले की बाई,” आई कण्हत म्हणाली. पण हे होतंच, आणि ते कमी होत जातं, हे आधी ठाऊक असलं तर घाबरगुंडी उडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उशीखालची डबी मागितली. पितळेची, झाकणाला आतून आरसा असलेली, तिच्या लग्नातली. बोट बुडवून दातांना लावलं आणि थुंकलीच. “ही काय राख भरलीस?”

मी बघितलं. डबीत काळ्या मिसरीच्या जागी करडी, मऊसूत राखुंडी. तळापर्यंत. मला वाटलं, वॉर्डातल्या मावशींनी काहीतरी केलं. त्या बिचाऱ्या देवाशपथ म्हणाल्या, आम्ही पेशंटच्या उशीला हात लावत नाही. विषय तिथंच संपला. आईच्या पिशवीत मिसरीची पुडी होती, ती डबीत ओतली, पण दवाखान्यात असेपर्यंत औषधांच्या मळमळीनं तिनं ती तोंडाला लावलीच नाही.

डिस्चार्ज मिळाला, लातूरला आमच्या घरी आणलं. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून तेच सोयीचं होतं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ती आधीच संकोचलेली. पहिल्याच सकाळी पुन्हा तोच प्रकार. डबी राखुंडीनं भरलेली.

आता संशयाची सुई कुणाकडं वळणार? माझ्या नवऱ्याकडं! सतीशचं नाक म्हणजे प्रयोगशाळा. शेजारच्यांनी मिरची भाजली तरी ह्याला शिंका. मिसरीच्या वासानं तर तो खोलीतून उठूनच जातो. आईची अडचण ही, की जावयाला बोलायचं कसं? मग ती मला ऐकवायची. “सतीशरावांना सांग, आवडत न्हाई तर तोंडावर म्हना. म्हाताऱ्या मानसाची आसली थट्टा बरी न्हाई.” सतीश बाहेरच्या खोलीतून ऐकायचा आणि माझ्याकडे बघून हात जोडायचा. त्याच्या तोंडावरून मला कळत होतं की हा नाही. पण मग कोण? घरात आम्ही तिघंच. मुलगी हॉस्टेलवर. आणि आमच्या सोसायटीत गोवरीची राख आणायची कुठून?

आई त्या दिवसांत फार चिडचिडी झाली होती. डोकं दुखतं, झोप नाही, भूक नाही, कशावरही वाद. आम्हाला वाटलं ऑपरेशनमुळं. आता कळतं की ते मिसरी तुटल्यानं होत होतं.

सतीशची बदनामी थांबावी म्हणून मी शेवटी माझ्या धंद्यातला उपाय केला. परीक्षेचे गठ्ठे सीलबंद करायचं काम शाळेत माझ्याकडेच असतं. दुकानातून मिसरीची नवी पुडी आणली, आईच्या आणि सतीशच्या समोर डबीत ओतली, पुडी फेकून दिली. झाकण लावलं, त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर आडवी सही ठोकली आणि वरून सेलोटेप गुंडाळला. “आता बघू,” मी म्हटलं, “कोणता विद्यार्थी कॉपी करतो ते.” डबी आईच्याच उशाला ठेवली.

सकाळी चहा घेऊन गेले. खिडकीतून ऊन आलेलं, आई उठून बसलेली, डबी तिच्या मांडीवर. माझी सही जशीच्या तशी. टेपचं टोक मी मुद्दाम दुमडून ठेवलं होतं, ते तसंच दुमडलेलं. मी स्वतः टेप कापला, पट्टी फाडली, झाकण उघडलं.

राखुंडी.

भीती वाटली असं म्हणणार नाही. एखादं सोपं समीकरण फळ्यावर चुकावं आणि वर्ग आपल्याकडे बघत असावा, तसं झालं. आईनं बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. डोळे मिटून थोडा वेळ बसली. मग म्हणाली, “बाभळीच्या शेंगा हायेत ह्यात.”

मी डबी नाकाशी नेऊन वास घेतला.

“कापूर बी हाय. आन् मीठ… मीठ बरोबर तेवढंच.” मग डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, “वंदे, सतीशरावांना काय बोलू नकोस आता. त्यायचं काम न्हाई हे.”

“मग कुणाचं?”

“तुला काय करायचंय? ऱ्हाऊ दे. ह्यांना नको आसंल, तर नको.” आणि तिनं राखुंडीनं दात घासायला सुरुवात केली. आईच्या तोंडी ‘ह्यांना’ म्हणजे दादाच, दुसरं कुणी नाही. मी स्वयंपाकघरात येऊन थोडी रडले, का ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून तिनं मिसरी मागितली नाही. डोकं दुखायचं थांबलं, जेवण सुधारलं. पाय अजून टेकवायचा नव्हता; पलंगावरच व्यायाम, वॉकरवर न्हाणीघरापर्यंत. आणि डबी… डबीतली राखुंडी कमी व्हायची, तळ दिसायला लागायचा, की एखाद्या सकाळी ती परत भरलेली असायची. आई त्यावर बोलायची नाही. मीही नाही.

पण माझं डोकं मला स्वस्थ बसू देईना. मी उत्तर काढलंच — आईच भरते! गावाहून निघताना दादांच्या डब्यातली राखुंडी पिशवीत भरून आणली असणार, कुठंतरी दडवली असणार. दादांची आठवण येते, सांगायला लाज वाटते, म्हणून हे सगळं. छान उत्तर होतं. त्यात अडचणी एवढ्याच, की तिचं सामान मीच लावलं होतं, तिला पलंगावरून एकटीनं उठता येत नव्हतं, आणि सेलोटेपचं टोक शोधायला तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही. तरी मी तेच उत्तर धरून बसले. शाळेतली पोरं धरतात तसं.

मग तपासणीसाठी नांदेडला गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो नेहमीसारखा प्रकाशासमोर धरला आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते जवळ वाकले. म्हणाले, “इकडे या.” फटीत धुरासारखं पांढरट काहीतरी दिसत होतं. “हे नवीन हाड. धरतंय. मावशी, विरजण लागलं तुमचं!”

आईनं दोन्ही हात जोडले. आनंदाच्या भरात मीच म्हणाले, “आता मिसरी सुटली तेवढा फायदाही झाला डॉक्टर, ह्या गडबडीत.”

डॉक्टरांचा हात थांबला. “मिसरी? कोण लावायचं मिसरी?”

“आईच की. लग्नाच्या आधीपासून.”

ते खुर्चीत नीट बसले. “मी तंबाखूचं विचारलं होतं ना?”

“तंबाकू न्हाई हो,” आई म्हणाली, “मिसरी.”

“मावशी, मिसरी कशाची करता?”

आई बोलायला गेली आणि थांबली. मलाही त्या क्षणी ऐकल्यासारखं झालं ते वाक्य… ती तंबाकूच हाय गं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. भाजली, कुटली तरी तंबाखू ती तंबाखूच. हिरड्यांतून थेट रक्तात जाते. बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि नवं हाड धरायला रक्त पोचत नाही. “विरजण लावायचं आणि भांडं बर्फावर ठेवायचं, असं झालं हे. पहिल्या वेळी हाड का जुळलं नाही, ह्याला कारणं अनेक असू शकतात. पण हे एक मोठं असणार. ह्या वेळीही चालू राहिली असती, तर हा एक्स-रे असा दिसला नसता बहुतेक. कधी सोडली?”

“आपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं,” आई म्हणाली. “सोडली न्हाई. सोडवली.”

“कुणी? मुलीनं?” डॉक्टरांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान डोलावली.

परतताना लोहा मागं पडेपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. मग पिशवीतून डबी काढली, झाकणाच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि अगदी सहज, समोर कुणी बसलं असावं तसं म्हणाली, “बरं, हरले. सोडली. आता उगं हेलपाटे घालू नका.” सतीश गाडी चालवत होता. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. त्यानंतर डबी कधी भरली नाही. होती ती राखुंडी रोज चिमूट चिमूट संपत गेली आणि आईनं मुकाट्यानं पेस्ट घेतली.

पुढचं सगळं सावकाश झालं. ग्राफ्ट म्हणजे धीराचं काम आहे. आधी पाय नुसता टेकवायचा, मग अर्धा भार, मग वॉकर गेला आणि काठी आली, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, काठी घरात असू द्या, पण पाय तुमचा आहे. भावाचा पुण्याहून फोन आला, “आई, आता ये इकडं महिनाभर तरी.” आई म्हणाली, “तू ये गावाकडं. मी घर उघडायलेय.”

गावात गाडी दारापर्यंत जाते. आईनं ती वेशीपाशीच थांबवली. काठी माझ्या हातात दिली आणि चालत निघाली. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. शेळ्या सांभाळणाऱ्या शेजारणीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. कुलपाची किल्ली इतके महिने आईच्या बटव्यातच होती. तिनं स्वतः कुलूप काढलं, आधी उजवा पाय आत टाकला. मला इतकं भरून आलं की मी शेवग्याकडं बघत उभी राहिले.

चहापाणी झाल्यावर आई म्हणाली, “वंदे, तो डबा काढ बरं खाली. ती पेस नको वाटायली. आता ह्यायचीच राखुंडी लावीन.”

मी स्टुलावर चढले. डब्यावरच्या फडक्यावर बोटभर धूळ, कोळ्याचं जाळं फळीपासून डब्यापर्यंत अखंड. सुतळी तशीच, दादांची गाठ तशीच, टोक आत खोचलेलं. मी डबा उचलला आणि तोल जाता जाता राहिला. मी जड डबा उचलायच्या तयारीत होते आणि हातात आलं ते नुसतं पत्र्याचं वजन.

खाली आणला. गाठ मला सुटेना, आईलाही सुटेना. शेवटी विळीवर सुतळी कापली.

आत काही नव्हतं. तळाला करड्या राखेचा एक पुसटसा थर, खरवडून घेतल्यासारखा.

डब्याला भोक नाही. सतीशनं तो उन्हाकडे धरून बघितला, पाणी भरून बघितला. उंदीर राख खात नाहीत. आईनं आणली म्हणावं, तर गाठ तीच. त्याच संध्याकाळी मी तो डबा तांदळानं भरला आणि आईच्या पितळी डबीनं मोजून काढला. मग दवाखान्यातल्या त्या सकाळपासून डबी साधारण कितीदा भरली असेल ते आठवून ताडून पाहिलं. जुळलं. जवळजवळ पुरतं जुळलं. जुळलं नसतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

तेव्हा दुसऱ्यांच्या बिजागऱ्या तपासायला सांगणाऱ्या मला, माझ्याच घरातल्या ह्या गोष्टीचं स्पष्टीकरण देता येत नाही. भूत म्हणायला जीभ रेटत नाही, दुसरं काही सुचत नाही. कुणाला पायऱ्या सापडल्या तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनानं तपासीन. आणि डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं की आपल्या आईला, सासूला, आजीला मिसरीचं वेगळं विचारा. ती ‘नाही’ म्हणेल आणि ते खोटं नसेल.

ह्या होळीला मी आणि सतीश गावी होतो. गोवऱ्यांची राख आणली, बाभळीच्या शेंगा जाळल्या, मीठ, तुरटी, कापूर सगळं घातलं, आणि शिंका देत देत सतीशनंच ती गाळली. आईनं ओट्यावर उभ्यानंच जिभेला लावून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

“मीठ चुकलंय.”

“मग किती घालायचं?” मी विचारलं. “दादांनी कधी सांगितलंच नाही कुणाला.”

“व्हय की,” आई म्हणाली. “इचारून सांगते.” आणि वाटी घेऊन आत गेली, दोन्ही पाय नीट टाकत.